संदर्भशिक्षण, शालेय

संदर्भशिक्षण, शालेय : शालेय विद्यार्थ्यांना माहिती शोधण्याचे, पारखण्याचे व वापरण्याचे शिक्षण. आपल्याला नेमके काय जाणून घ्यावयाचे आहे हे ठरविणे, ते कोठे सापडेल याचा अंदाज बांधणे, सापडलेली माहिती विश्वसनीय आहे की नाही हे तपासणे आणि ती स्वतःच्या शब्दांत, तिच्या उगमाचा निर्देश करून मांडणे, या क्रिया त्यात अंतर्भूत होतात. हे शिक्षण मुख्यतः शालेय ग्रंथालयाच्या आधारे दिले जाते. वाचनाची गोडी लावणे आणि संदर्भ पाहण्याची सवय लावणे ही दोन कार्ये परस्परपूरक असली, तरी ती एक नव्हेत. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्यातून पहिल्या कार्यास चालना मिळते. दुसऱ्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. गोष्टींची पन्नास पुस्तके वाचलेल्या मुलालाही कोशातील एक नोंद शोधता येईलच असे नाही.

माहिती हाताळण्याच्या या कौशल्यास ‘माहिती-साक्षरता’ अशी संज्ञा आहे. तिच्या मुळाशी असलेला इंग्रजी शब्दप्रयोग पॉल झुर्कोव्हस्की यांनी १९७४ मध्ये प्रथम केला. शालेय क्षेत्रात तिला निश्चित रूप देणाऱ्यांत मायकेल आयझेनबर्ग व रॉबर्ट बर्कोविट्झ यांचा समावेश होतो. त्यांनी १९९० मध्ये प्रश्ननिश्चितीपासून आत्मपरीक्षणापर्यंतची सहा पायऱ्यांची पद्धती मांडली. याच सुमारास कॅरल कुल्थाऊ यांनी शाळकरी मुले विषय शोधत असताना त्यांच्या मनाची अवस्था कशी बदलत जाते, याचा दीर्घकाळ अभ्यास केला. विषय निवडल्यावर मुलांना आरंभी उत्साह वाटतो. पण पुस्तके उघडल्यानंतर गोंधळ व अनिश्चितता वाढते आणि प्रश्नाला नेमका आकार येईपर्यंत ती टिकते, असे त्यांना आढळले. शिक्षकाची खरी गरज याच मधल्या अवस्थेत असते. प्रत्यक्षात शिक्षक विषय देताना आणि वही तपासतानाच भेटतो. यूनेस्को व आंतरराष्ट्रीय ग्रंथालय-संघ यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शालेय ग्रंथालयविषयक जाहीरनाम्यात या शिक्षणास मध्यवर्ती स्थान देण्यात आले.

भारतात शालेय ग्रंथालयांचा विचार याहून जुना आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. त्यांनी घातलेल्या घडीत मुलांसाठी स्वतंत्र दालन होते आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठविणारी फिरती ग्रंथालयेही होती. ⟶ एस्. आर्. रंगनाथन यांचा शालेय व महाविद्यालयीन ग्रंथालयांवरील ग्रंथ १९४२ चा असून ग्रंथालय हे अध्यापनाचेच साधन आहे, ही त्यांची भूमिका होती. मुदलियार आयोगाने (१९५२–५३) बहुसंख्य माध्यमिक शाळांत नाव घेण्याजोगे ग्रंथालयच नाही, असा स्पष्ट अभिप्राय दिला. पुस्तके जुनी, मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली, अपुऱ्या खोलीत कपाटबंद आणि एखाद्या लेखनिकाच्या किंवा अनुत्सुक शिक्षकाच्या हाती सोपविलेली, असे त्या वर्णनाचे सार होते. ते आजही अनेक ठिकाणी लागू पडते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असणारे ग्रंथालय असणे आवश्यक आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत वार्षिक ग्रंथालय-अनुदानाची तरतूद करण्यात आली. पुस्तके येतात, प्रश्न ती उघडण्याचा आहे.

कपाटास कुलूप का असते, याचे कारण शिक्षकाच्या अनास्थेत नेहमीच सापडत नाही. दाखलनोंदवहीतील प्रत्येक पुस्तकाचा हिशेब प्रभारी शिक्षकाला द्यावा लागतो आणि हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आपल्या माथी येईल, अशी धास्ती त्याला असते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना मिळालेली पुस्तके अनेक ठिकाणी पेटीतच राहिली, ती याच भीतीने. वापराने झिजलेले व हरवलेले पुस्तक यांत भेद करणारी आणि ठराविक प्रमाणात तूट मान्य करणारी हिशेबपद्धती असल्याशिवाय मुक्तद्वार ग्रंथालय शाळेत टिकत नाही. आणि मुक्तद्वार नसेल, तर संदर्भशिक्षणास आरंभच होत नाही, कारण शोधणे म्हणजे फडताळासमोर उभे राहून चुकीचे पुस्तक आधी हाती घेणे होय. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ग्रंथपालाचे पद नसते. माध्यमिक शाळांत ते पटसंख्येवर अवलंबून असल्याने लहान गावातील विद्यालयात हे काम बहुधा भाषाशिक्षकाकडे येते.

वर्णानुक्रमाचे शिक्षण : मराठी शाळेत संदर्भशिक्षणाची पहिली पायरी वर्णानुक्रमाची असते आणि ती वाटते तितकी सोपी नाही. इंग्रजी शब्दकोश पाहावयास मुलांना शिकविले जाते. मराठी कोश मात्र ‘आपल्याच भाषेचा’ म्हणून शिकविण्यावाचून राहतो. वस्तुतः मराठीत मूळ अक्षर, त्यावरील स्वरचिन्हे, अनुस्वार आणि जोडाक्षरे असे चार स्तर एकाच वेळी लक्षात घ्यावे लागतात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड ‘अंक’ या नोंदीने सुरू होतो. म्हणजे अनुस्वारयुक्त अक्षर आधी येते, हे ठाऊक नसलेला विद्यार्थी ‘अंतराळ’ हा शब्द ‘अति’च्या पुढे शोधत बसतो. क्ष व ज्ञ ही जोडाक्षरे संस्कृत कोशांत अनुक्रमे क व ज यांखाली येतात, तर मराठी विश्वकोशात ती वर्णमालेच्या अखेरीस आहेत. कोश उघडण्यापूर्वी त्याची प्रस्तावना वाचावी, हा नियम मुलांना येथेच पटतो. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे (२३ खंड, १९२०–२९) पहिले पाच खंड प्रस्तावनाखंड आहेत, त्यांत अकारविल्हे नोंदी नाहीत. पहिला खंड ओढून ‘अ’ शोधणाऱ्याची निराशाच होते.

तिसरी-चौथीच्या वर्गात हे शिक्षण खेळाच्या रूपाने देता येते. हजेरीपटातील नावे चिठ्ठ्यांवर लिहून त्यांचा क्रम लावावयास सांगितला की, ‘क्षितिजा’, ‘ज्ञानेश्वर’ व ‘श्रद्धा’ यांच्यापाशी वर्गात वाद सुरू होतो. तो वाद हाच पाठ होय. पाचवी ते सातवीत अनुक्रमणिका व पुस्तकाच्या शेवटची सूची यांतील भेद शिकवावा. सूची असलेली मराठी पुस्तके तुलनेने थोडी असतात, ही या कामातील मोठी अडचण आहे. एखाद्या छोट्या स्थानिक पुस्तकाची सूची वर्गाने मिळून तयार करणे हा तीवर उत्तम उपाय ठरतो, कारण सूची कशासाठी असते हे ती बनविणाऱ्याइतके कोणालाच कळत नाही.

स्थलनामांचा प्रश्न : शोधावयाच्या शब्दाची नेमकी निवड करणे ही पुढची पायरी. तिचे उदाहरण पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कारेगाव या गावावरून चांगले देता येते. पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील हे गाव रांजणगाव औद्योगिक क्षेत्रालगत आहे. आपल्या गावाची माहिती शोधू लागलेल्या येथील विद्यार्थ्यापुढे प्रथम अन्य जिल्ह्यांतील कारेगावे येतात. त्यानंतर त्याच तालुक्यातील कोरेगाव (भीमा) येते आणि त्यापाठोपाठ सातारा जिल्ह्यातील कोरेगाव. एका मात्रेच्या फरकाने १८१८ च्या लढाईची माहिती कारेगावच्या नावावर वहीत उतरू शकते. ‘शिरूर’ या नावाचीही तीच गत आहे : बीड जिल्ह्यात शिरूर (कासार) व लातूर जिल्ह्यात शिरूर-अनंतपाळ आहे, पुणे जिल्ह्यातील शिरूर घोडनदी या नावानेही ओळखले जाते आणि जुन्या इंग्रजी लेखनात ते ‘सिरूर’ असे आढळते. गाव, तालुका, जिल्हा व कालखंड असे चार शब्द एकत्र योजून शोध घेण्याची सवय या अडचणीतून लागते. पुस्तकातील सूची आणि संगणकावरील शोधयंत्र या दोहोंना ती सारखीच उपयोगी पडते.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्यावरील अठरावा खंड १८८५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाला. शिरूर तालुक्याची पिके, बाजार, रस्ते व दुष्काळ यांविषयी इतका तपशील देणारे दुसरे जुने साधन सहज मिळत नाही. तथापि तो इंग्रजीत आहे, परकीय अधिकाऱ्यांच्या दृष्टीने लिहिलेला आहे आणि त्यातील जातिविषयक विधाने आज जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत. शिक्षकाने त्यातील एखादे पान मराठीत सांगून ‘हे कोणी, कोणासाठी व का लिहिले असेल’ असा प्रश्न विचारल्यास साधनाची पारख म्हणजे काय, याची कल्पना आठवीतील मुलास येऊ शकते. जोडीला जनगणनेची जिल्हा हस्तपुस्तिका, ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेचे स्वतःचे जुने दाखलखारीज रजिस्टर आणि गावातील वृद्धांच्या आठवणी ही साधने ठेवता येतात. त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, हेच त्यांचे शैक्षणिक मूल्य आहे.

प्रश्न कोणाचा : संदर्भशिक्षणातील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे प्रश्न तयार करणे. ‘पाणी या विषयावर प्रकल्प करा’ असे सांगितल्यावर मूल पाण्याविषयीचे काहीही उतरवून आणते, कारण विषय म्हणजे प्रश्न नव्हे. ‘आमच्या आळीतील विंधन विहिरीचे पाणी पिण्यास योग्य आहे का?’ हा प्रश्न आहे आणि तो विचारल्याबरोबर साधनांची निवड आपोआप होऊ लागते. पिण्याच्या पाण्याविषयीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिग्रॅ.हून अधिक नसावे. फ्लुओराइडाची स्वीकार्य मर्यादा १ मिग्रॅ. व पर्यायी साधन नसल्यास १·५ मिग्रॅ. आहे. हे आकडे पुस्तकात मिळतात. विहिरीच्या पाण्याचे आकडे पुस्तकात नसतात, ते तपासणीच्या अहवालातून मिळवावे लागतात. दोन्ही शेजारी मांडल्यावर जे हाती येते, ती माहिती त्या मुलाची स्वतःची असते. पर्जन्यछायेतील या तालुक्यात असा प्रश्न पोरखेळ मानता येत नाही.

याच तालुक्यातील पाबळ येथे श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हातांनी काम करताना व गावाच्या खऱ्या गरजा भागविताना मुले शिकतात, हे त्यामागील तत्त्व होय. आश्रम ग्रंथालयाच्या शिक्षणासाठी निघालेला नाही. परंतु ज्याला भूगर्भातील पाण्याचा शोध घ्यावयाचा आहे किंवा खोलीच्या बांधकामाचा खर्च काढावयाचा आहे, तो पुस्तक का उघडतो हे तेथे स्पष्ट दिसते. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेतही स्थानिक प्रश्नांवर गटाने केलेल्या पाहणीस महत्त्व दिले जाते. शालेय ग्रंथालयांनी या दोन्ही उपक्रमांशी आपला संबंध जोडून घेतलेला क्वचितच आढळतो.

माहितीची पारख : शिरूर तालुका जुन्नर वनविभागाच्या क्षेत्रात येतो. उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर असतो आणि मुलांना पहाटे-सायंकाळी शेतवस्तीवरून शाळेत ये-जा करावी लागते. अशा प्रदेशात बिबट्याचे एखादे छायाचित्र ‘कालच आपल्या शिवारात दिसला’ अशा मजकुरासह भ्रमणध्वनीवरून फिरू लागते. छायाचित्र खरे असते, स्थळ व काळ खोटे. त्याचा परिणाम दुहेरी होतो : विनाकारण घबराट पसरते आणि तीनचार खोट्या वार्तांनंतर खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते. म्हणून ही पारख परीक्षेतील गुणांपुरती राहत नाही. छायाचित्र प्रथम कोठे आले, त्यात दिसणारे पीक, झाडी वा वाहनाचा क्रमांक या भागाशी जुळतो का, वनखात्याने काही कळविले आहे का, प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे नाव सांगता येते का, हे प्रश्न सातवीतील मूल विचारू शकते.

याच विषयात मतभेदाचे शिक्षणही देता येते. ‘बिबट्यास पकडून दूर जंगलात सोडावे’ ही मागणी वृत्तपत्रांत वारंवार येते आणि ज्याच्या घरचे माणूस वा जनावर गेले, त्याची ती मागणी स्वाभाविक आहे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर परिसरातील नोंदींचा अभ्यास करून २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मात्र, बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर हाती घेतल्यानंतर माणसांवरील हल्ले वाढल्याचे दाखविले आहे. शेतकऱ्याचा अनुभव, वनखात्याची पत्रके व संशोधकांचा निबंध ही तीन साधने वर्गापुढे ठेवल्यास प्रत्येकात काय पाहिले आहे आणि काय अनुमानिले आहे, याची फोड मुलांकडून करवून घेता येते. ‘खरे कोण’ असा निकाल लगेच मागू नये.

संगणक व भ्रमणध्वनी यांमुळे साधनांची टंचाई कमी झाली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. मराठी विश्वकोशाचे खंडही संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. खेड्यातील शाळेला जे संदर्भग्रंथ विकत घेणे कधीच शक्य नव्हते, ते आता हाताशी आले आहेत. त्यामुळे पारखीचे ओझे मात्र वाढले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग यांच्या गटाने केलेल्या पाहणीत (२०१६) जाहिरात व बातमी यांतील भेद अनेक विद्यार्थ्यांना ओळखता आला नाही. त्याच गटाच्या पुढील अभ्यासात असे दिसले की, व्यवसायाने तथ्यतपासणी करणारे लोक एखादे पान खालपर्यंत वाचत बसत नाहीत; ते पान सोडून, त्याच्याविषयी इतर काय म्हणतात हे आधी पाहतात. ‘नीट वाचा’ या शाळेतील नेहमीच्या सूचनेहून ही रीत वेगळी आहे आणि ती मुद्दाम शिकवावी लागते. प्रश्न विचारताच तयार परिच्छेद लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली साधने अलीकडे उपलब्ध झाली आहेत. त्यांचा मजकूर सफाईदार असतो. पण त्यातील विधानाचा उगम अनेकदा कळत नाही आणि कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचा निर्देश केलेला असतो. असा निर्देश ग्रंथतालिकेत शोधावयास लावणे, हा वरच्या वर्गांसाठी चांगला अभ्यास आहे.

टिपणे व उतारे : सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती महाराष्ट्रात २०१० मध्ये आली आणि ‘प्रकल्प’ हे मूल्यमापनाचे एक तंत्र ठरले. हेतू स्तुत्य होता. परंतु लेखनसाहित्याच्या दुकानात छापील चित्रांचे तक्ते व तयार प्रकल्पवह्या मिळू लागल्या आणि चित्रे चिकटविणे म्हणजे प्रकल्प असा समज रूढ झाला. नकलेचा दोष मुलांवर टाकणे सोपे आहे. टिपण कसे घ्यावे हे मात्र त्यांना कोणी दाखविलेले नसते. परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावे, आठवेल ते चारपाच शब्दांत लिहावे, मग पुस्तक पुन्हा उघडून आकडे व नावे ताडून पाहावीत, ही जुनी रीत अजूनही सर्वांत उपयुक्त आहे. प्रत्येक टिपण स्वतंत्र चिठ्ठीवर घेऊन चिठ्ठीच्या कोपऱ्यात पुस्तकाचे नाव व पृष्ठांक लिहिल्यास साधनाचा निर्देश करण्याची सवय वेगळी लावावी लागत नाही. माणसाकडून माहिती घेतली असल्यास त्याचे नाव व भेटीची तारीख लिहावी. आजीने सांगितलेली गोष्ट ही देखील निर्देश करण्याजोगी आहे, याचे मुलांना अप्रूप वाटते.

वेळ व मनुष्यबळ : राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने (२००५) आठवड्यास एक तासिका ग्रंथालयासाठी असावी, असे सुचविले. वेळापत्रकात ती असते. परीक्षा जवळ आल्या की ती गणिताकडे जाते. संदर्भशिक्षणाचा निराळा तास ठेवण्यापेक्षा ते इतिहास, भूगोल व विज्ञान यांच्या पाठांत गुंफणे अधिक फलदायी ठरते. त्यासाठी विषयशिक्षक व ग्रंथपाल यांनी पुढील महिन्याच्या पाठांविषयी आधी बोलणे पुरेसे असते. फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवनाने मराठी माध्यमाच्या शाळेतही ग्रंथालय व भाषाशिक्षण यांची सांगड घालता येते, हे दाखविले आहे.

औद्योगिक वसाहतींलगतच्या शाळांत आणखी एक प्रश्न उद्भवतो. कारेगाव-रांजणगाव परिसरात कामानिमित्त आलेल्या कुटुंबांत मराठवाडा-विदर्भातील तसेच परप्रांतीय लोकही आहेत. त्यांची मुले मराठी शाळेत बसतात, पण घरी हिंदी, भोजपुरी वा अन्य भाषा बोलतात. त्यांना मराठी कोश लवकर हाती देणे ही चूक ठरू शकते; चित्रकोश, नकाशापुस्तक व द्वैभाषिक शब्दकोश यांपासून त्यांचा आरंभ करावा. उलट, एखाद्या हिंदी संकेतस्थळावरील मजकूर समजावून घेताना हीच मुले वर्गातील इतरांच्या उपयोगी पडतात.

मूल्यमापन : तयार प्रकल्पाच्या देखणेपणावरून संदर्भकौशल्य मोजता येत नाही. त्याऐवजी विद्यार्थ्याने वापरलेल्या टिपणांच्या चिठ्ठ्या, टाकून दिलेल्या साधनांची यादी व ती का टाकली याचे एका ओळीचे कारण पाहावे. अचानक एखादे विधान निवडून ‘हे कोठे वाचलेस, ते काढून दाखव’ असे सांगणे ही सर्वांत साधी चाचणी होय. जे मूल उठून फडताळाकडे जाते, योग्य पुस्तक काढते आणि सूचीवरून पानापर्यंत पोचते, त्याची तोंडी परीक्षा तीन-चार मिनिटांत पूर्ण होते.